व्हिकरेजचे खासगी घर होताना: एका जुन्या धर्मगुरू-निवासाच्या दुरुस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील एका गावात, चर्चच्या आवाराला लागून, १८५० च्या दशकात बांधलेले एक व्हिकरेज आहे. व्हिकरेज म्हणजे त्या पॅरिशच्या (एका चर्चच्या अखत्यारीतील परिसराच्या) धर्मगुरूंचे निवासस्थान. १९७० च्या दशकात चर्चने ते विकले आणि जुन्या भाजीबागेच्या जागेवर धर्मगुरूंसाठी लहानसे नवे घर बांधले. तेव्हापासून मूळ वास्तू खासगी मालकीची आहे. प्रस्तुत प्रकरण तिच्या तिसऱ्या खासगी मालकांचे, म्हणजे चाळिशीतल्या एका दांपत्याचे आहे. दुरुस्तीच्या कामात जतन-वास्तुविशारदाची जबाबदारी माझ्याकडे होती. गाव, मालक आणि संबंधित कार्यालये ओळखता येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. वास्तूचे आणि निर्णयांचे वर्णन मात्र जसे घडले तसेच ठेवले आहे.

अशा घरांची इंग्लंडमध्ये एवढी मोठी संख्या का, हे समजल्याशिवाय त्यांची रचना उलगडत नाही. अठराव्या शतकात अनेक धर्मगुरू आपल्या पॅरिशमध्ये राहतच नसत. एकाच वेळी दोन-तीन पॅरिशचे उत्पन्न घेऊन ते शहरात राहत आणि गावातले निवासस्थान मोडकळीला येत असे. १७७६ च्या गिल्बर्ट कायद्याने पॅरिशच्या उत्पन्नाच्या तारणावर कर्ज काढून घर बांधण्याची वा दुरुस्त करण्याची मुभा दिली आणि १८३८ च्या कायद्याने एकाहून अधिक पॅरिश सांभाळण्यावर व बाहेर राहण्यावर कडक बंधने आणली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिकरेज आणि रेक्टरी (धर्मगुरू-निवासाचाच दुसरा प्रकार) बांधण्याची लाटच आली. कर्जासाठी नकाशे आणि कामाचे तपशीलवार विवरण धर्मप्रांताच्या कार्यालयात सादर करावे लागत असे. त्यातील बरेचसे कागद आज काउंटीच्या अभिलेखागारांत सुरक्षित आहेत आणि त्यांचा या प्रकरणात निर्णायक उपयोग झाला.

वास्तुकलेच्या दृष्टीने हा काळ फार महत्त्वाचा आहे. वास्तुविशारद विल्यम बटरफील्ड यांनी ब्रिस्टलजवळच्या कोलपिट हीथ येथे १८४४-४५ च्या सुमारास बांधलेले व्हिकरेज, किंवा त्यानंतर जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांनी बांधलेली धर्मगुरूंची घरे, यांत दर्शनी भागाची ओढूनताणून आणलेली सममिती सोडून दिलेली आढळते. खोलीला जेथे उजेड हवा तेथे खिडकी, जिना जेथे चढतो तेथे त्याच्या चढाप्रमाणे झरोका, स्वयंपाकघराच्या जागी मोठे धुरांडे, अशी ती रचना असे. स्ट्रीट यांच्या ऑक्सफर्डच्या कार्यालयात काम केलेल्या फिलिप वेब यांनी १८५९ मध्ये कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिस यांच्यासाठी ‘रेड हाउस’ या घराची आखणी केली, ती याच घरांचे संस्कार घेऊन. पुढे १८७७ मध्ये मॉरिस आणि वेब यांनीच प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या बांधकामाला त्याच्याच जातीचे साहित्य वापरावे, हा तिचा आग्रह आजही कायम आहे.

आपल्या प्रकरणातील घर एका प्रांतीय वास्तुविशारदाने बांधलेले असले तरी त्याच वळणाचे आहे. सुमारे ५०० मिलिमीटर जाडीच्या, अनगड चुनखडी दगडाच्या भिंती, खिडक्यांभोवती घडीव बाथ दगडाच्या (बाथ परिसरातील चुनखडी दगडाच्या) चौकटी, उंच उतरते स्लेटचे छप्पर आणि दारांवर टोकदार कमानी. ते संरक्षित वारसा इमारतींच्या यादीत ग्रेड टू श्रेणीत सूचीबद्ध असल्यामुळे त्याचे स्वरूप बदलणाऱ्या कोणत्याही कामासाठी, मग ते आतले असो वा बाहेरचे, स्थानिक नियोजन विभागाची संमती लागते. १९९० च्या कायद्यानुसार अशी संमती न घेता केलेले काम हा फौजदारी गुन्हा आहे.

दोन दारांचे घर

या घराला दर्शनी बाजूस दोन दारे आहेत. दक्षिणेचे दार कुटुंबाचे आणि पाहुण्यांचे. ते मोठ्या दिवाणखान्याच्या दालनात उघडते. पश्चिमेचे दार लहान आहे आणि त्याच्या आत चार पावलांची एक चिंचोळी ओवरी आहे. ओवरीच्या एका भिंतीला दगडी बाक आहे, समोर धर्मगुरूंच्या अभ्यासिकेचे दार आहे आणि डाव्या हाताला घराच्या मुख्य दालनात जाणारे दुसरे, जाड दार आहे. ते नेहमी बंद ठेवता यावे अशी त्याची योजना आहे. गावकरी पश्चिमेच्या दाराने येत, बाकावर थांबत, अभ्यासिकेत जाऊन काम सांगत आणि आल्या वाटेने परत जात. लग्नाच्या पूर्वघोषणेची नोंद, बाप्तिस्म्याचा दाखला, १८३६ नंतर रोख रकमेत रूपांतरित झालेल्या दशांशाचा (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा) व्यवहार, गरिबांसाठीचा कोळसा आणि घोंगड्या यांचा हिशेब, हे सारे त्या एका खोलीत चाले. घरातील मंडळींच्या जेवणाखाण्यात त्यामुळे व्यत्यय येत नसे.

आपल्याकडच्या वाड्यात ओसरी आणि माजघर यांच्यात जी मर्यादा असते, तीच येथे एका दाराने आणि चार पावलांच्या ओवरीने साधलेली आहे. ओवरीतील रंगीत नक्षीच्या फरशा बाहेरच्या दारापासून अभ्यासिकेच्या दारापर्यंत एका पट्ट्यात झिजल्या आहेत. मुख्य दालनाच्या दारापुढच्या फरशांवर मात्र नक्षी जशीच्या तशी आहे. घर कसे वापरले जात होते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्याही कागदात मिळाला नसता.

अभ्यासिकेच्या पश्चिम भिंतीत विटांच्या कमानीखाली एक खोल कोनाडा आहे. पॅरिशच्या नोंदवह्या कोरड्या, रंगवलेल्या लोखंडी पेटीत ठेवाव्यात, असा दंडक १८१२ च्या कायद्याने घातला होता. ही पेटी चर्चमध्ये किंवा धर्मगुरूंच्या घरी ठेवली जात असे. हा कोनाडा त्या पेटीसाठीच बांधलेला होता. घर विकत घेतले गेले तेव्हा साऱ्या वास्तूत सर्वांत ओली जागा हीच होती.

अडचण

मालकांपुढे दोन प्रश्न होते आणि सुरुवातीला ते दोन्ही परस्परांशी असंबद्ध वाटत होते. पहिला ओलीचा. अभ्यासिकेच्या पश्चिम भिंतीवर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटत होते, पांढरे क्षार फुलत होते आणि कोपऱ्यातली लाकडी जमीन पायाखाली दबत होती. खरेदीपूर्वीच्या पाहणी अहवालात ‘जमिनीतून चढणारी ओल’ असे निदान करून भिंतीत रासायनिक डीपीसी (ओल वर चढू न देणारी पट्टी) टोचावी आणि आतून एक मीटर उंचीपर्यंत जलरोधक सिमेंटचा गिलावा करावा, अशी शिफारस होती. गृहकर्ज देणाऱ्या संस्थेने याच अहवालाच्या आधारे कर्जातील काही रक्कम रोखून ठेवली होती आणि ओलीच्या कामाचे हमीपत्र मिळाल्यावरच ती सोडली जाणार होती.

दुसरा प्रश्न वापराचा. मूळ स्वयंपाकघर उत्तरेला, नोकरांच्या भागात होते आणि मालकांना ते अंधारे व दूर वाटत होते. अभ्यासिका, ओवरी आणि मुख्य दालन यांमधील भिंती पाडून पश्चिमेच्या उन्हाचे एक मोठे स्वयंपाकघर आणि जेवणघर करावे, असा आराखडा त्यांनी आधीच तयार करून घेतला होता. त्यांच्या दृष्टीने ओवरी ही वाया गेलेली जागा होती, कारण गावकरी आता त्या दाराने येत नव्हते. त्यांची ही भूमिका मला गैर वाटली नाही. घर राहण्यासाठी असते आणि जुन्या वापराचा मागमूस जपण्यासाठी आजच्या कुटुंबाने गैरसोय सोसावी, हा आग्रह कोणालाही धरता येणार नाही. प्रश्न एवढाच होता की त्यांची गरज भागवण्यासाठी नेमकी तीच भिंत पाडणे आवश्यक होते का.

ओलीचे मूळ शोधताना

भिंतीत सुया टोचून ओल दाखवणारे विजेचे मीटर लाकडासाठी ठीक असते. दगडी भिंतीत ते क्षारांमुळेही मोठे आकडे दाखवते. त्यामुळे त्या आकड्यांवर आधारलेले निदान बाजूला ठेवून भिंतीच्या वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर छिद्रे घेतली आणि बाहेर पडलेल्या भुकटीची कार्बाइड पद्धतीने (भुकटीतील पाणी रसायनाने मोजून) तपासणी केली. ओल भिंतीच्या गाभ्यात होती आणि आतल्यापेक्षा बाहेरच्या बाजूला अधिक होती. पश्चिम भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा होता; विक्रीनंतरच्या पहिल्या खासगी मालकांच्या काळात तो लावला गेला होता. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, पाऊस त्यांतून आत शिरतो आणि मागच्या चुन्याच्या बांधकामातले पाणी मात्र सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या भिंतींवर सिमेंट थापल्यावर जे घडते तेच येथे घडत होते.

तरीही एवढ्याने जमिनीलगतची ओल पूर्णपणे समजत नव्हती. तिचे उत्तर अभिलेखागारात सापडले. कर्जासाठी सादर केलेल्या मूळ छेदचित्रात पश्चिमेच्या दारासमोर तीन पायऱ्या दाखवल्या होत्या आणि प्रत्यक्षात तेथे एकच पायरी उरली होती. दारासमोर लहानसा चाचणी खड्डा घेतला, तेव्हा डांबराच्या थराखाली उरलेल्या दोन पायऱ्या जागच्या जागी मिळाल्या आणि भिंतीत ओतीव लोखंडाच्या जाळ्या मिळाल्या. अभ्यासिकेच्या लाकडी जमिनीखालची पोकळी हवेशीर ठेवण्यासाठी त्या बसवलेल्या होत्या. गावकऱ्यांच्या पायवाटेचा वापर थांबल्यावर तिच्यावर मोटारी उभ्या करण्यासाठी भराव आणि डांबर पडले, जमीन जवळपास ३०० मिलिमीटरने वर आली, पाणी भिंतीकडे वळले आणि जमिनीखालची हवा बंद झाली.

या टप्प्यावर दोन्ही प्रश्नांची गाठ एकच असल्याचे लक्षात आले. घराची सार्वजनिक बाजू निरुपयोगी ठरवून बुजवली गेली होती आणि भिंत कुजत होती ती नेमकी त्या बुजवलेल्या बाजूची.

विचारात घेतलेले पर्याय

ओलीसाठी तीन मार्ग होते. पहिला, अहवालात सुचवलेला: रसायन टोचणे आणि आतून जलरोधक गिलावा. तो सर्वांत जलद होता, त्याला वीस वर्षांची हमी मिळणार होती आणि कर्जसंस्थेचे समाधान होणार होते. पण अनगड दगडाच्या भिंतीचा गाभा पोकळ्यांनी भरलेला असतो. त्यात रसायनाची सलग पट्टी तयार होईल याची शाश्वती नसते. शिवाय आतून बंद केलेली ओल भिंतीत आणखी वर चढली असती आणि तुळयांची टोके भिंतीत ओलीच राहिली असती. दुसरा मार्ग सिमेंट आणि डांबर तसेच ठेवून भिंतीलगत निचऱ्याचा चर खणण्याचा. खर्च मध्यम होता, पण मूळ कारणांपैकी एकच दूर होणार होते. तिसरा मार्ग सिमेंटचा गिलावा काढणे, जमीन मूळ पातळीवर आणणे, जाळ्या मोकळ्या करणे, चुन्याचा गिलावा करणे आणि भिंत वाळण्याची वाट पाहणे. या कामात सर्वांत अवघड भाग वाट पाहण्याचा असतो. भिंतीच्या दर २५ मिलिमीटर जाडीला वाळायला साधारण एक महिना लागतो, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ५०० मिलिमीटरच्या भिंतीला दीड ते दोन वर्षे लागणार होती.

मालकांनी तिसरा मार्ग स्वीकारला, तो चाचणी खड्ड्यातील पायऱ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यानंतर. अहवाल आणि आकडे यांनी जे साधले नव्हते ते त्या दोन पायऱ्यांनी साधले. कर्जसंस्थेसाठी जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या स्वतंत्र सर्वेक्षकाचे मत घेतले आणि हमीपत्राऐवजी कारणे, उपाय व देखरेखीचा कार्यक्रम असलेला अहवाल सादर केला. पत्रव्यवहार लांबला, पण शेवटी रोखलेली रक्कम दोन टप्प्यांत सोडण्यास संस्था राजी झाली.

खोल्यांच्या रचनेबाबत चर्चा अधिक काळ चालली. ओवरीची भिंत पूर्ण पाडण्याच्या प्रस्तावाला संमती मिळणे अवघड आहे, असे वारसा जतन अधिकाऱ्यांनी पूर्वचर्चेतच सांगितले होते. भिंतीत रुंद कमान काढून दोन्ही बाजूंचे अवशेष ठेवावेत, अशी तडजोड मालकांच्या आधीच्या सल्लागाराने सुचवली. मला ती पसंत नव्हती: ओवरीची सगळी किंमत ती बंद होते यात आहे, आणि कमान काढल्यावर भिंतीचा काही भाग शिल्लक राहिला असता तरी ओवरी उरली नसती. त्याऐवजी उत्तरेकडच्या स्वयंपाकघराकडे पुन्हा पाहावे, असा प्रस्ताव आम्ही मांडला. तेथील भांडी घासण्याची खोली आणि कोठार यांच्यात विक्रीनंतरच्या काळात बरेच फेरफार झाले होते. मूळ रचनेचे फारसे काही तेथे उरले नव्हते. त्या दोन खोल्यांची मधली भिंत काढली आणि पूर्वेच्या अंगणाकडे, पूर्वी असलेले पण विटांनी बुजवलेले दार काचेच्या झडपांसह परत उघडले, तर सकाळच्या उन्हाचे प्रशस्त स्वयंपाकघर मिळत होते.

हा पर्याय मान्य होण्यामागे आणखी एक कारण होते. पत्नी समुपदेशक असून त्यांचे काम भाड्याच्या खोलीतून चालत असे. अशिलांना घरातून न नेता भेटता येईल अशी स्वतंत्र दाराची, दोन दारांआड आवाज अडवणारी खोली त्यांना हवी होती. आराखडे पसरून बोलताना, ओवरी आणि अभ्यासिका मिळून हेच आहे, हे त्यांच्याच लक्षात आले. गोपनीय बोलण्यासाठी बांधलेली ही जागा पुन्हा त्याच कामी येणार होती.

मात्र येथे एक कायदेशीर अडसर होता. चर्च आपली निवासस्थाने विकते तेव्हा विक्रीखतात काही अटी घालते. या घराच्या विक्रीखतात दोन अटी होत्या: घराच्या नावात नुसता ‘व्हिकरेज’ हा शब्द वापरू नये, आणि वास्तूचा वापर केवळ एका कुटुंबाचे खासगी निवासस्थान म्हणूनच व्हावा. पहिली अट ‘ओल्ड’ हा शब्द जोडून पूर्वीच पाळली गेली होती. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत ‘ओल्ड व्हिकरेज’ आणि ‘ओल्ड रेक्टरी’ नावाची घरे जागोजागी दिसतात, त्यामागे अनेकदा अशीच अट असते. दुसऱ्या अटीमुळे समुपदेशनाच्या कामाला हरकत येऊ शकत होती. नियोजनाच्या नियमांत, घर प्रामुख्याने घरच राहत असेल तर एका खोलीतील अशा कामासाठी सहसा वेगळी परवानगी लागत नाही; पण विक्रीखताची अट हा स्वतंत्र करार असतो. मालकांच्या वकिलांनी धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे अर्ज केला आणि ठरावीक तास व एका वेळी एकच भेट, या मर्यादेत लेखी अनुमती मिळवली.

प्रत्यक्ष काम

सिमेंट काढताना खालचा मऊ दगड सोलला जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी एका कोपऱ्यात छोटा भाग काढून पाहिला. जेथे सिमेंट दगडाला घट्ट धरून होते तेथे ते ओढून न काढता छिन्नीने भेगा पाडून, हळूहळू सैल करून काढले. सुदैवाने बहुतेक ठिकाणी ओलीमुळे त्याने दगड आधीच सोडला होता. चुन्याचे काम ५ अंश सेल्सिअसखाली करता येत नाही आणि ताज्या चुन्याला हिवाने इजा होते, त्यामुळे बाहेरचा गिलावा वसंत ऋतूच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतच्या मुदतीत बसवावा लागला. मूळ विवरणात नदीची धारदार वाळू लिहिलेली होती. दगडांच्या जुन्या सांध्यांतील मिश्रणाचा नमुना तपासून तिच्याशी जुळणारी वाळू निवडली. गिलावा तीन थरांत केला आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाने झाकून सावकाश वाळू दिला.

अभ्यासिकेची जमीन उचलल्यावर तुळयांची पश्चिमेकडील टोके कुजलेली मिळाली. ती कुज ओलीतली साधी कुज होती. भिंतींतून पसरत जाणारी घातक बुरशी नव्हती, हे प्रयोगशाळेने सांगितल्यावर आख्ख्या तुळया बदलण्याचे कारण उरले नाही. कुजलेला भाग कापून तिरक्या सांध्याने नवे लाकूड जोडले आणि नव्या टोकांभोवती हवा खेळेल एवढी जागा भिंतीत सोडली. जमीन उघडी असतानाच तुळयांच्या मध्ये मेंढीच्या लोकरीचे उष्णतारोधक थर बसवले. बाहेर पश्चिम भिंतीलगत १.२ मीटर रुंदीचा पट्टा मूळ पातळीपर्यंत खाली नेला, तिन्ही पायऱ्या मोकळ्या केल्या आणि उरलेल्या वाहनतळाच्या कडेला दगडी कठडा व पाण्याची नाली केली. खिडक्यांना आतून दुसरी काच बसवली; मूळ शिसेजडित काचा तशाच राहिल्या.

सूचीबद्ध इमारतींतील मान्य फेरफारांवरची मूल्यवर्धित कराची सूट १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाली आहे. या कामावर २० टक्के कर भरावा लागला. जतनाची सक्ती कायद्याने करायची आणि त्या जतनावर पूर्ण कर घ्यायचा, हे धोरण मला अन्यायाचे वाटते.

परिणाम

दुसऱ्या हिवाळ्यानंतर तुळयांतील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले. या पातळीखाली लाकूड कुजण्याची प्रक्रिया थांबते. पश्चिम भिंतीचा मोठा भाग वाळला आहे. अभ्यासिकेच्या तीन भिंतींना आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग आहे. उत्तर कोपऱ्यात क्षार अजून थोडे फुलतात. ते कोरड्या कुंचल्याने झाडून टाकले जातात, धुतले जात नाहीत, कारण धुतल्यास ते पाण्याबरोबर परत भिंतीत जातात. पश्चिमेचे दार आता रोज उघडते. अशील तीन पायऱ्या चढून येतात, दगडी बाकावर थांबतात आणि खोलीत जातात; त्या वेळी मुलांचे खेळणे घराच्या दुसऱ्या भागात चालू असते.

वेगळे काय करता आले असते

मूळ नकाशे खरेदीपूर्वीच पाहिले गेले असते तर ओलीचे चुकीचे निदान, रोखलेले कर्ज आणि पहिला आराखडा, या तिन्हींवरचा खर्च टळला असता. धर्मगुरूंच्या निवासस्थानांबाबत असे कागद मिळण्याची शक्यता इतर घरांपेक्षा पुष्कळ अधिक असते, तरी खरेदीच्या वेळी ते क्वचितच मागवले जातात. विक्रीखतातील अटींचेही तसेच: वकिलांनी त्या वाचलेल्या होत्या, पण आराखडा करणाऱ्यांपर्यंत त्या पोहोचल्या नव्हत्या. अनुमती नाकारली गेली असती, तर अभ्यासिका राखण्यामागचे मालकांचे सर्वांत बळकट कारण गेले असते आणि सारी चर्चा पहिल्यापासून करावी लागली असती.

वाहनतळाचा निर्णय अर्धवट राहिला, असे माझे मत आहे. भिंतीलगतचा पट्टा खाली नेला तरी त्यापलीकडची भरावाची जमीन उंचच आहे आणि भिंतीची सुरक्षितता आता नाली नियमित साफ होण्यावर अवलंबून आहे. शरद ऋतूत पाने पडून ती तुंबते. मोटारी घोडागाडीच्या जुन्या तबेल्यापुढील अंगणात हलवून पश्चिमेचा सगळा भराव काढणे हा खरा उपाय होता. परंतु त्या अंगणाकडे जाणारी वाट नव्या धर्मगुरू-निवासाच्या हद्दीतून जाते आणि विक्रीखतात या वाटेवरून फक्त पायी जाण्याचा हक्क दिलेला आहे. तो हक्क वाढवून मिळावा यासाठी बोलणी करण्याइतका वेळ आणि पैसा मालकांकडे त्या वर्षी नव्हता.

लोखंडी पेटीच्या कोनाड्याला अजून गिलावा केलेला नाही. त्याच्या मागे भिंत सर्वांत पातळ आणि विटांची आहे, आणि मालकांना तेथे पुस्तकांची फळी लवकर हवी होती. पण गाभ्यातील ओलीचे आकडे पाहून त्यांनी थांबायचे ठरवले. येत्या उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा भुकटीची तपासणी होईल आणि त्यानंतरच तेथे चुना लावायचा की आणखी एक वर्ष विटा उघड्या ठेवायच्या, हे ठरेल.